कूलरच्या तोंडावरचं ग्रीस

लातूरजवळच्या एका ऑक्सिजन प्लांटमध्ये मी तपासणीचं काम करते. दाबाखाली तापलेला वायू थंड करणारे कूलर दुरुस्तीनंतर आतून स्वच्छ झालेत का, हे मी बघते. तिथं तेलाचा थेंबही चालत नाही. दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं की आग भडकते.

मागच्या उन्हाळ्यात एक कूलर उघडला आणि फिटर मिळेना. मी साहेबांना म्हणाले, "माझ्या दादाला बोलावते. अर्धापूरला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे त्याचं. हात चांगला आहे."

दादा आला. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथं तेल अजिबात नको."

"हाव, समजलं की," तो म्हणाला.

त्यानं काम मन लावून केलं. झाकण लावण्याआधी आम्ही कूलरवर ताडपत्री टाकून अंधार केला. मी आत जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. त्यात तेलकटपणा चमकून दिसतो. नळ्यांवर काही नव्हतं. तोंडाच्या कडेला मात्र निळसर रेघ उजळली, अगदी गोल.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"झाकणाखालचं ग्यास्केट सरकू न्हाई म्हणून ग्रीस लावलंय," दादा बाहेरून म्हणाला.

"तेल नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"ग्रीस कुठं तेल हाय, साहेब?"

मागचे दोघे-तिघे कामगार हसले. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही यांना नीट समजावलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण ताडपत्रीतून बाहेर आले तेव्हा मला दादाकडं बघवेना. तोही खालीच बघत होता. शरमेनं माझे कान तापले होते, आणि शरम त्याची वाटत होती की माझी, तेही कळत नव्हतं.

त्यानं हातमोजे चढवले आणि सगळी कड रसायनानं पुसून काढली. मी पुन्हा दिवा धरला. मी कॉलेजात असताना रोज मला मोटारसायकलवर सोडणारा माझा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा मॅडम, अजून कुठं राहिलंय का?"

"नाही राहिलं," मी म्हणाले.

कूलर सुरळीत चालू झाला. पुढच्या दुरुस्तीला साहेबांनीच दादाला बोलवायला सांगितलं. मी फोन केला.

"सध्या गॅरेजात लई काम हाय," तो म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला. गॅरेज आज उघडलंच न्हाई, असं ती कुणाला तरी सांगत होती.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.