वाढदिवसाला काय घालू, असं तिने विचारलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. एकदा देवापुढे बसून सांगायला गेले, तर तिथेही अर्धंच सांगितलं आणि उठले — म्हणजे बघा. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? बघू या.

विषय ऐकून हसाल. कपड्यांचा विषय आहे. मुलांच्या वाढदिवसाला आईबापांनी काय घालून जावं, एवढाच. यात कबूल करण्यासारखं काय असणार, असं वाटतंय ना? मलाही कित्येक वर्षं तसंच वाटवून घ्यायचं होतं.

वाघोलीत आमची सोसायटी आहे. मोठी, चार इमारतींची, मध्ये हिरवळ, कोपऱ्यात क्लबहाउस. दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस. आणि त्या वाढदिवसांना काय घालायचं याचे नियम असतात, जे कुठेच लिहिलेले नसतात. नटल्यासारखं दिसायचं नाही, पण गबाळंही दिसायचं नाही. कुर्ता साधा हवा, पण साधेपणा महागातला. लिपस्टिक लावायची, पण लावलीच नाही अशी. बाप लोक हाफ पँटवर आले तर चालतं, इस्त्रीच्या शर्टात आले की कुणीतरी विचारतंच, "काय, मीटिंग इथेच ठेवलीय का?"

मला हे नियम कुणी शिकवले नाहीत. मी धायरीची. आमच्या शेतावर इमारती उठल्या तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे ठेवणीतली साडी बाहेर, गजरा, पाटल्या. तशीच गेले मी इथल्या पहिल्या पार्टीला, दीड वर्षाच्या मीराला काखेत घेऊन, हिरवी जरीची साडी नेसून. दारात केतकी उभी होती — तिच्याच मुलाची पार्टी. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला इथून लग्नाला जायचंय का?" मी म्हणाले, "नाही, हितंच आलेय." त्या 'हितंच'वर मागच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या दिवसानंतर मी शिकले. सगळं शिकले — कपडे, बोलणं, किती हसायचं ते. 'हाय' गेलं, 'आहे' आलं. पाच वर्षं लागली केतकीच्या तोंडून स्वतःला 'अगं' म्हणवून घ्यायला. हे सांगतेय ते माझी कीव यावी म्हणून नाही हो. हे उलट माझ्या विरुद्ध जातं, ते पुढे कळेल.

मग प्रणिता आली.

आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, भाड्याने. यवतमाळकडची. नवरा आयटीत, एकच मुलगी — ओवी, माझ्या मीराएवढी, सहा वर्षांची. पहिल्याच दिवशी सामान लावता लावता माझी बेल वाजवली आणि म्हणाली, "ताई, थोडं विरजण भेटन का?" तेवढ्यात तिच्या नवऱ्याने मागून विचारलं, कुकर कुठे ठेवलाय, तर जोरात हसत ओरडली, "डोक्यावर!" तिचं हसणं — कसं सांगू? दोन मजले खाली ऐकू जायचं. बोलणं तिने पुसलं नव्हतं. 'मले', 'तुले', 'काहून' — सगळं जसंच्या तसं, केतकीसमोरसुद्धा. आणि केतकीला ते आवडायचं! मला कळेचना. जे मी धुऊन टाकलं, तेच हिच्या तोंडी गोड कसं लागतंय?

चार महिन्यांत सगळी सोसायटी तिची झाली. मी पण झाले, खोटं कशाला बोलू. दुपारी तिच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून चहा पिणं हे माझ्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम होतं. माझी धायरी माझ्या तोंडात परत यायची तिच्याकडे. एकदा 'आहे'च्या जागी 'हाय' बोलून गेले, तर तिने लक्षसुद्धा दिलं नाही. किती बरं वाटलं होतं मला, तुम्हाला काय सांगू.

आणि तरीही.

एका संध्याकाळी मीरा जेवता जेवता म्हणाली, "आई, ओवीची आई हसते ना, तेव्हा त्यांचं अख्खं घर हसतं. तू का नाही तशी हसत?" मी म्हणाले, जेव गुपचूप. दुसऱ्या दिवशी बागेत पाहिलं, तर केतकी प्रणिताच्या खांद्यावर हात टाकून उभी. चार महिन्यांत खांद्यावर हात. मला पाच वर्षांत 'अगं'. मी घरी आले आणि उगाचच कपाट आवरत बसले.

त्याच आठवड्यात केतकीच्या मुलाचा वाढदिवस होता. आयांच्या ग्रुपवर निरोप आला — रविवारी पाच वाजता हिरवळीवर, आईबाबांनी पांढरा टी-शर्ट आणि जीन्स घालून यावं, मुलं हाताला रंग लावून आपापल्या आईबाबांच्या पाठीवर पंजे उमटवणार. प्रणिता अजून ग्रुपमध्ये नव्हती; बोलावणी तिथेच यायची, त्यामुळे हा तिचा इथला पहिलाच वाढदिवस. म्हणून केतकीने मला एकटीला वेगळं लिहिलं होतं, प्रणिताला तू कळव.

मी कळवणारच होते. खरंच. पण त्याआधी तीच आली, हात ओले, कणीक मळता मळता उठून. "ताई, केतकीताईंच्या पोराच्या वाढदिवसाले काय घालू वं मी? मले तं इथलं काई समजतच नाही. तुमी सांगसान तेच घालतो."

तुम्ही सांगाल तेच घालते. माझ्याएवढं ते वाक्य कुणाला कळलं असतं? मला तेव्हा, त्या हिरव्या साडीच्या आधी, असं विचारायला कुणी असतं तर —

मी म्हणाले, "काठपदर नेस. केतकीकडे वाढदिवसाला पाच सवाष्णी औक्षण करतात. तू त्यांच्यातली एक. ताट तुझ्याच हातचं आण, तिला फार आवडेल. आणि ओवीला परकर-पोलकं घाल."

एका दमात म्हणाले. कुठून सुचलं, माहीत नाही. सवाष्णी, औक्षण, ताट — सगळं कसं खरं वाटेल असं. तिचा चेहरा खुलला. "माय वं, मस्तच! मले वाटलं इथं नुसता केकच कापतात." आणि पळाली कणीक मळायला.

रविवारपर्यंत तीन दिवस होते. तीन दिवसांत तिला सांगायला मला तीन पावलं लागली असती — माझं दार, मधला पॅसेज, तिचं दार. शुक्रवारी तिने मला साडी आणून दाखवली. जांभळी, हिरव्या काठाची, ओवीच्या बारशाला तिच्या आईने घेतलेली. "ही चालन न, ताई?" मी पदर हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, म्हणाले, "छान आहे गं." छान होतीच ती. तेवढंच एक मी खरं बोलले.

तर हे झालं. एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी कुणाला तरी सांगूनही टाकलं असतं. मत्सर झाला, बाई. होतो माणसाला. पण अजून आहे, आणि खरं ते आहे.

रविवारी पाच वाजता हिरवळीवर सगळे पांढरे. आणि जिन्यातून प्रणिता आली — जांभळी काठपदर, नथ, अंबाडा, हातात ताम्हन, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, हळदीकुंकवाची कोयरी. मागे ओवी परकर सावरत. सगळे थांबून बघायला लागले. कुणी मोठ्याने हसलं नाही, आमच्याकडे तसं हसत नाहीत. एक बाप आपल्या बायकोला हळू म्हणाला, "सत्यनारायण आहे का?" तेवढं पुरलं.

प्रणिता सगळ्यांच्या कपड्यांकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी पांढऱ्या टी-शर्टमध्ये, बाकीच्यांसारखीच.

केतकी पुढे झाली. ती काही वाईट नाही, पण तिला गोष्टी नीट लागतात. ती मला म्हणाली, सगळ्यांसमोर, "अगं, मी तुला म्हटलं होतं ना, हिला कळव म्हणून?"

तेव्हा मला दोन शब्द बोलायचे होते. 'माझं चुकलं.' बस. विसरले म्हणाले असते तरी चाललं असतं, खोटंच पण माझ्या अंगावर घेतलेलं खोटं.

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं गं. हिच्या लक्षात राहिलं नसेल."

हे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रणिताने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — राग मला चालला असता. ती नुसतं बघत राहिली, एखादं गणित पुन्हा करून पाहावं तशी, आणि मग तिला उत्तर आलं. मला दिसलं ते आलेलं. आता ती बोलणार, मी मनात म्हणाले. बोल. सांग सगळ्यांना. ती केतकीकडे वळली आणि म्हणाली, "हो न, माह्याच ध्यानात नाही राह्यलं. सांगतलं होतं ताईनं."

का म्हणाली असेल ती? मी सहा वर्षं विचार करतेय. मला वाचवायला? की मी इतकी हलकी निघाले याची तिलाच लाज वाटली?

ओवी हे सगळं ऐकत उभी होती. तिने प्रणिताचा पदर ओढला. "तू विसरलीस? आई, तू विसरलीस?" तोवर रंगाच्या थाळ्या आल्या होत्या. पोरं पंजे बुडवून आईबापांच्या पाठींवर थापत होती, किंचाळत होती. प्रणिताने ताट बाकावर ठेवलं, ओवीपुढे पाठ करून वाकली आणि म्हणाली, "लाव न बेटा, माह्या साडीलेच लाव. काय होते?" त्या साडीला. आईने घेतलेल्या. आणि म्हणताना हसली, पण ते दोन मजले खाली जाणारं हसणं नव्हतं.

ओवीने नाही लावले. ती रडत माझ्याकडे आली. "काकू, मी तुमच्या पाठीवर लावू?"

मी वळले आणि पाठ दिली. मीराच्या निळ्या पंजांशेजारी ओवीचे दोन केशरी पंजे. फोटो निघाले, ग्रुपवर गेले. फोटोत मी मधोमध आहे आणि दोन्ही मुली माझ्या आहेत असं कुणालाही वाटावं. प्रणिता त्यात नाही. फोटो तीच काढत होती.

नंतर भांडण वगैरे काही झालं नाही. ती मला 'ताई'च म्हणत राहिली. विरजण मागायला मात्र आली नाही पुन्हा. हळूहळू तिने जीन्स घेतल्या, साधे कुर्ते घेतले, ग्रुपवरचे निरोप नीट वाचून अगदी बरोबर कपड्यात यायला लागली. 'मले' जाऊन 'मला' आलं. हसणं बेतशीर झालं. माझ्यासारखं. केतकी म्हणायची, किती छान रुळली गं ही! मी मान डोलवायचे आणि मला भर पार्टीत ओरडावंसं वाटायचं, की परत ये गं बाई, तशीच ये, 'माय वं' म्हण एकदा.

वर्षभराने नागपूरला बदली होऊन गेले ते लोक. समोर आता कुणी दुसरे राहतात, भले आहेत. दुपारी मी माझ्याच कट्ट्याला टेकून चहा पिते. चहा तोच, पावडर तीच. नाही लागत तसा. मला तिची आठवण येते असं म्हणायचा मला हक्क आहे का? नसेल. पण येते. रोज येते.

मीराच्या वाढदिवसाला दरवर्षी सकाळी ओवीचा फोन येतो. एकदाही चुकत नाही. दोघी बोलत असतात तेव्हा मी शेजारी भाजी चिरत बसते आणि मागचे आवाज ऐकते — कुकरची शिट्टी, बांगड्या, कुणीतरी चालल्याचं. प्रणिता फोनवर येत नाही. मी पण बोलाव म्हणत नाही.

या वर्षी फोन स्पीकरवर होता. ओवी बारा वर्षांची झाली आता, आवाज अगदी मोठ्या बाईसारखा. मीराशी बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, आईकडूनही शुभेच्छा हं. मीच आठवण केली तिला सकाळी. आमच्याकडे सगळं मलाच ध्यानात ठेवावं लागतं, शाळेचं, फी, डबा, सगळं. आईला तर तुम्हाला माहितीच आहे, तेव्हापासूनच — तिच्या काही लक्षात राहत नाही."

मागून भांडं ठेवल्याचा आवाज आला. आणि मग प्रणिताचा आवाज, पाच वर्षांनी पहिल्यांदा, लांबून, "हो वं माय. माह्या नाही राहात ध्यानात."

ओवी थांबली होती. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती. फोन माझ्यासमोर होता, दोघी ऐकत होत्या.

मी म्हणाले, "असू दे गं ओवी. आईला रागावू नकोस. होतं असं एकेकाचं."