घरी घाबरून घेणाऱ्या काकू

कॉव्हेंट्रीच्या काकूंइतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. गॅस बंद केला की त्या प्रत्येक बटणाला हात लावून मोठ्यानं "बंद" म्हणायच्या, कुलूप लावून फाटकापर्यंत जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. बर्फावरून घसरण्याची, कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, येणाऱ्या पाकिटांची, बसमध्ये डोळा लागून शेवटच्या स्टॉपला पोचण्याची, सगळ्याची त्यांना धास्ती. पण त्या धास्तीलाही शिस्त होती. "काय घाबरायचं ते घरी घाबरून घ्यावं," त्या म्हणायच्या. "बाहेर पडल्यावर वेळ मिळत नाही."

मास्टर्सचं वर्ष मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं, आणि शाळेच्या किचनमधली नोकरी संपवून काकू रिटायर झालेल्या. त्यांच्या प्रत्येक कोटाच्या खिशात एक चिठ्ठी असायची. नाव, पत्ता, 'मी पडले तर या नंबरवर फोन करा' असं इंग्रजीत, आणि खाली शेजारच्या बाईंचा नंबर. मी हसले की म्हणायच्या, "हस तू. पडलेल्या माणसाला नंबर आठवत नाही."

माझ्या कोर्सची आंके नावाची डच मैत्रीण तोवर तिच्या गावी, लायडनला, परतली होती. शनिवारी सकाळच्या विमानानं जाऊन तिला भेटायचं, गाव बघायचं आणि संध्याकाळी परत, असा माझा बेत होता. काकूंना सांगितला तर त्यांचा चेहराच उतरला. "एकटी? मला घरात बसवणार नाही. मी येते." विमान म्हटलं की तळहातांना घाम फुटणारी ही बाई, पण तिनं तिकीट काढलं. मला खरं तर त्या नकोच होत्या. आंकेपुढे कसं दिसेल, हीच माझी चिंता.

तिकडे उतरलो तो पाऊस. पासपोर्टवर शिक्का बसल्याबरोबर काकूंनी "दे इकडे" म्हणून माझा पासपोर्ट काढून घेतला, ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत कुठेतरी कोंबला. कुठे, ते मी पाहिलं नाही. लायडनला कालव्याकाठी शनिवारचा बाजार भरला होता. ताडपत्र्यांवरून पाण्याच्या धारा लागलेल्या, सायकली अंगावर चिखल उडवत जाणाऱ्या. काकू माझी बाही धरून चालत होत्या. "या कालव्यांना कठडे का नाहीत गं?" असं त्यांनी चारदा तरी विचारलं.

त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर होती. तिच्यात दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा, पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी. वास असा, की शेजारच्या चीजवाल्यानं मान वळवून पाहिलं. अर्ध्या तासात आंके एका छानशा कॅफेत भेटणार होती आणि काकू तिथे डबा उघडणार हे मला दिसत होतं. त्या टॉयलेटला गेल्या तेवढ्यात मी डबा काढला आणि मासळीवाल्याच्या गाड्यामागच्या बाकाखाली सरकवून ठेवला. परत जाताना उचलू, म्हटलं.

कॅफेत काकूंनी डब्याचं नाव काढलं नाही. कोटाच्या बाह्या ओल्या, खुर्चीच्या कडेला टेकून बसलेल्या. आंकेशी त्या थोडंसं इंग्रजीत बोलल्या, सूप प्यायल्या, घड्याळ बघत राहिल्या. आंके गेली आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

"सई, डबा कुठाय?"

"असेल की. का?"

"तुझा पासपोर्ट आहे ना त्यात. खालच्या कप्प्यात."

त्यांची आई पाटल्या तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. चोर कपाट फोडतो, स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावत नाही, ही त्यांच्या घरची पिढीजात अक्कल. हे मला माहीत होतं, तरी डोक्यात आलं नव्हतं. साडेसातचं विमान, पासपोर्टशिवाय यूकेत परत कोण घेणार, सोमवारी प्रबंधाचं प्रेझेंटेशन, आणि पुण्यात बाबांनी घर गहाण ठेवून मला शिकायला पाठवलेलं. पळत गेलो तर निम्मा बाजार उठला होता. बाक होता, खाली फक्त पाणी. मासळीचा गाडाही जागेवर नव्हता. मी तिथेच चिखलात बसले आणि डबा मीच लपवला होता हे सांगताना रडायला लागले.

काकूंचा हात मात्र माझ्या खांद्यावर अगदी स्थिर होता. "ऊठ," त्या म्हणाल्या. "माझं घाबरून झालंय. मंगळवारीच. तुझा पासपोर्ट हरवणार हे धरूनच मी निघाले होते." कोटाच्या अस्तरातून त्यांनी माझ्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स काढली, हेगमधल्या भारतीय वकिलातीचा पत्ता काढला. राहावं लागलं तर म्हणून स्वतःच्या दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडीही होती. मग त्या पावसात एकेका गाड्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी आकार दाखवत विचारू लागल्या, "स्टील बॉक्स. टू स्टोरी." कठड्याशिवायच्या कालव्याच्या अगदी काठावरून चालल्या आणि खाली बघितलंही नाही. मी मागून जात होते, माझे दात वाजत होते.

पुलापलीकडे मासळीवाला व्हॅन भरत होता. डबा भिजेल म्हणून त्यानं आत उचलून ठेवला होता. वरच्या कप्प्यातली एक पोळी कमी होती. खालचा उघडलेलाच नव्हता. काकूंनी पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि उरलेल्या पोळ्या, भाजी, चटणी त्याला देऊन टाकली.

डबा का लपवलास, हे त्यांनी विचारलं नाही. विमानात डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. तसंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांग. मी सँडविच आणीन." त्या दिवशीची सगळी भीती मी विसरले, हे वाक्य नाही विसरता आलं. पुढची वेळ आलीच नाही.

नोकरीसाठी मी ग्लासगोला गेले. दर रविवारी काकूंचा फोन. गॅस बंद केलास का, किल्ली कुणाकडे आहे. मी हो हो म्हणून ठेवून द्यायची. गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमधली नर्स होती. एक वयस्कर बाई बस स्टॉपवर पडल्या, म्हणाली, खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे.

ट्रेनमध्ये मी चार तास बसले होते आणि लायडनसारखेच माझे दात वाजत होते. पोचले तेव्हा उशीर झाला होता. नर्सनं ओला कोट आणि चिठ्ठी हातात दिली. शेजारच्या बाईंचा नंबर खोडून खाली माझा लिहिला होता. घरी जाऊन बाकीचे कोट पाहिले. सगळ्या खिशांत तीच चिठ्ठी, सगळ्यांवर माझाच नंबर, शाई जुनी झालेली.

माझा पासपोर्ट हरवेल म्हणून त्या मंगळवारी घाबरून मोकळ्या झाल्या होत्या. त्या जातील म्हणून मी एकदाही घरी घाबरून घेतलं नव्हतं.