खाचेतली सुरी

माझ्याकडे अकरा चाकू आहेत. बायको म्हणते, "अकरा चाकू, आणि घरातली भाजी मात्र माझ्या विळीवर!" खरं आहे. माझ्या चाकूंनी आजवर कापलं काय, तर कुरियरची खोकी, ऑफिसातले वाढदिवसाचे केक आणि आंब्याच्या दिवसांत चार हापूस. तरी खिशात चाकू नसला की मला काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटतं. ही खोड वडिलांची. ते गिरणीत होते, आणि पितळी मुठीचा एक घडीचा चाकू कायम त्यांच्या खिशात असायचा. जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबरचा कांदा त्यानेच कापायचे. तो चाकू माझ्याकडे आला आणि मग एकाचे अकरा झाले. खरं तर तेरा झाले होते. एक मेट्रोच्या चेकिंगला गेला, एक मॉलच्या दारात. दोन्ही वेळा मी वॉचमनशी कडाकडा भांडलो आणि दोन्ही वेळा बायको दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली.

त्यातले लाडके तीन. एक वडिलांचा. दुसरा लाल मुठीचा, त्यात कात्री, दात कोरणं, बाटली उघडणं, सगळा संसार आहे. आणि तिसरा शिडाच्या होडीवर वापरायचा खास चाकू, भाच्याने परदेशातून आणलेला. त्याच्या पात्याला टोक नाही, कारण होडी हलली तर ते कुणाच्या अंगात घुसू नये. मागच्या बाजूला जाड दाभण आहे, ओल्या दोराची घट्ट बसलेली गाठ सोडवायला. किती वेळा मी ते पातं उघडून, पुसून, तेलाचा थेंब लावून परत मिटलं असेल!

पण होडीवरच्या चाकूला होडी नको? आम्ही अंधेरीला राहतो, वर्सोवा रिक्षाने दहा मिनिटं. आमची कोळीण तिथलीच. तिचे सासरे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, सुकाणूवर बसणारे. सत्तरी उलटलेली. त्यांच्या छोट्या होडीला मागे इंजिन होतं, पण वारा बरा असला की ते हट्टाने शीड चढवायचे आणि मुलगा वैतागायचा. बायकोने एकदा पापलेट घेता घेता माझं वेड त्या सुनेला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मी होडीत बसलेला होतो. असे दोन वर्षं रविवार गेले. मढच्या बाजूला जायचं, शीड कसं वळवायचं ते शिकायचं, परत यायचं. माझ्या आयुष्यातले चांगले रविवार होते ते.

आता त्यांची सुरी. तुटक्या करवतीच्या पात्याची, लाकडी मुठीवर निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. काळी, गंजलेली. सुकाणूशेजारी होडीच्या लाकडातच एक खाच होती, उजव्या हाताला. सुरी त्या खाचेत. दुसरीकडे कुठे नाही, खिशात नाही, टोपलीत नाही. वापरली की परत खाचेत. त्यांची बोली मला नीट येत नाही, लिहायला गेलो तर नाटकातल्यासारखी होईल, पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "डोलं मिटून हात गेला पायजे." आणि डोळे मिटून दाखवलंही. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली की त्या सुरीलाही हळदकुंकू लावायचे. सुरी न विचारता होडीतून बाहेर न्यायची नाही, हे मला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय? देवघरातली घंटा उचलून नेऊ नका, असं पाहुण्याला कुणी सांगतं का?

मी माझा परदेशी चाकू त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा केला आणि विचारलं, "याचं टोक कुठं रं गेलं?" किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले सगळे खदखदून हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, काका, तुमच्या सुरीला मी धार लावून देतो, माझ्याकडे चांगले दगड आहेत. ते म्हणाले, "नको. माजी सुरी मला हवी तशी हाय." झालं. माझ्या डोक्यात बसलं की या माणसाला एकदा खरी धार काय असते ते दाखवायचंच. दीडशहाणा, दुसरं काय!

एका रविवारी ओहोटीला परत आलो. तांडेल पुढे जाऊन चिखलात होडीचा दोर बांधत होते, पाठ माझ्याकडे. मी खाचेतली सुरी उपसली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. पुढच्या रविवारी चकचकीत करून आणू, त्यांना चकित करू, असा माझा बेत.

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट आली होती. ती इथे लिहितो, कारण इतर कुठे मी ती बोललेलो नाही. खाच रिकामी दिसली तेव्हा मनात आलं की आपला टोक नसलेला चाकू आठवडाभर इथे ठेवावा. खिशात हातही घातला. मग वाटलं, खारं पाणी लागेल, पातं डागाळेल. आणि मी हात तसाच बाहेर काढला.

घरी दोन संध्याकाळी मी त्या सुरीवर घालवल्या. तीन दगडांवर घासली. मुठीच्या फटीत लालसर काहीतरी घट्ट बसलं होतं. गंज समजून मी ते जुन्या टूथब्रशने खरवडून काढलं. पाण्याला लाल रंग चढला तेव्हा कळलं की ते कुंकू आहे, वर्षानुवर्षांचं. मी नळ चालू ठेवला आणि ते सगळं बेसिनमध्ये जाऊ दिलं. मग वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहिला. सुर्रकन कापला. काय खूश झालो होतो मी!

रविवारी पिशवीत सुरी घेऊन गेलो तर होडी किनाऱ्यावर, आणि तांडेल घरात खाटेवर. डाव्या हाताला मोठं बँडेज. मुलाने सांगितलं ते असं: बुधवारी सकाळी, रविवारनंतर पहिल्यांदाच होडी काढून, दोघं जाळं टाकत होते. जाळ्याचा दोर सरसर पाण्यात जात होता, त्याचा फास तांडेलांच्या बोटांत अडकला आणि हात होडीच्या कडेवर दाबला गेला. उजवा हात खाचेकडे गेला. खाच रिकामी. ते चाचपत राहिले. मुलगा पुढच्या टोकाला होता, त्याने येऊन इंजिन बंद करेपर्यंत मधलं बोट अर्धं गेलं होतं आणि शेजारचं बोट चिरडलं होतं.

"सुरी कुठं ठेवली तेच आठवत नाय त्यांना," मुलगा म्हणाला. "आता बास. वय झालं. यापुढं सुकाणू मी बघणार."

तांडेल छताकडे बघत होते. म्हणाले, "खाचेतच ठेवलेली. नेहमी ठेवतो तशी." मग, "की ठेवलीच नाय? देव जाणे."

सुरी माझ्या पिशवीत होती. माझ्या मांडीवर. पिशवीची चेन उघडायला किती वेळ लागतो? सूनबाईंनी चहा आणला, मी तो प्यायलो. "काळजी घ्या काका," असं म्हणून उठलो. रिक्षात बसल्यावर पिशवी पायाशी ठेवली. करायला गेलो गणपती, झाला मारुती, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण तसं नव्हतं ते. बोट गेलं ते माझ्या मूर्खपणाने, आणि त्यानंतर मी गप्प बसलो तो भित्रेपणाने. या दुसऱ्या गोष्टीची लाज मला पहिलीपेक्षा जास्त वाटते.

मी रविवारचं जाणं बंद केलं. सुरी चाकूंच्या खणात सगळ्यात मागे ढकलली. बायको मासे घेऊन आली की तांडेलांच्या बातम्या कळायच्या. ते आता होडीवर जात नाहीत. गॅस बंद केला का, हे चार चार वेळा बघतात. रुमालाला गाठी मारून ठेवतात आणि मग कुठली गाठ कशाची, हेही विचारत बसतात. एकदा मी बाजारात त्यांना लांबून पाहिलं. टोपली खाली ठेवून ते एकेक खिसा चाचपत होते, वरचा, खालचा, पुन्हा वरचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं की ते सुरीच शोधताहेत. मी मागे वळलो आणि दुसऱ्या गल्लीने घरी आलो.

असे आठ महिने. हो, आठ!

मग एक दिवस बायको खणात सेलोटेप शोधत होती. सुरी हातात घेऊन बाहेर आली. "ही कुणाची? तुझी नाही वाटत. तू असली गावठी घेणार नाहीस."

मी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो माणूस स्वतःला वेडा समजून बसलाय रे! आणि तू इथे मूग गिळून बसलास? मी दर आठवड्याला तिच्याकडून मासे घेते, कुठल्या तोंडाने घेऊ आता? ऊठ. आत्ता ऊठ."

चप्पल घालायला सुचेना मला. तीच माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आली.

तांडेल दारात बसून सुकट निवडत होते. डावा हात मांडीवर, उजव्या हाताने काम. मी समोर बसलो. सुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून रुमाल सोडून ती त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवली. त्यांनी लगेच ओळखली नाही, इतकी ती चकचकीत होती. मग निळी दोरी दिसली.

"काका, ही मी नेली होती. त्या रविवारी. न विचारता. धार लावायला. तुम्ही खाचेतच ठेवली होती."

मी मार खायची तयारी करून गेलो होतो. शिव्यांची तर होतीच. त्यांनी सुरी उचलली, मूठ चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे मी इसरलो नव्हतो?"

"नाही काका."

"खाचेतच होती?"

"खाचेतच होती. मी काढली."

ते रडायला लागले. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. आणि रडता रडता हाका मारायला लागले, सुनेला, मुलाला, शेजारच्या म्हातारीला. "अरे या रं, ऐका हा काय सांगतो! सांग रं, परत सांग!" मी परत सांगितलं. सून पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग ते माझा दंड धरून मला पलीकडच्या घरात घेऊन गेले. तिथे सांगितलं. मग जाळी शिवणाऱ्यांकडे, जे कधीकाळी माझ्या चाकूला हसले होते. तिथेही सांगितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तांडेल मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, "ऐकलं ना? खाचेतच होती," असं म्हणत. त्यांना बोटाचं काही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा सगळ्यात शेवटी आला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी चहा प्यायलात." बस, एवढंच. आजही चहाचा कप हातात घेतला की मला ते वाक्य ऐकू येतं.

तांडेल मला होडीकडे घेऊन गेले. चिखलातून, सत्तरी उलटलेला माणूस माझ्यापुढे भराभर चालत होता. वर चढून सुकाणूपाशी बसले, सुरी खाचेत सारली, डोळे मिटले आणि उजवा हात नेला. बरोबर मुठीवर. पुन्हा नेला. पुन्हा बरोबर. मागून आलेला मुलगा चिखलात उभा राहून ते बघत होता. बघता बघता त्याने मान फिरवली आणि म्हणाला, "उद्या भरती सहाला हाय. लवकर उठा, बाबा."

मग तांडेलांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आधी सुचलं नव्हतं ते आता सुचलं, एवढंच.

"तुज्याकडं तर एवढे चाकू. त्यातला एक ठेवायचा ना रं हितं, तेवढ्यापुरता?"

माझा उजवा हात खिशात होता. आत तोच चाकू होता, टोक नसलेला, एकही डाग नसलेला.

"सुचलं नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी अर्ध्या बोटाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"इसरलास? होतं रं. माणूस हाय, इसरतो."