साडूंनी घेतलेली हरकत

१९९७ सालच्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, राजारामपुरीतल्या आमच्या घरी, परसातलं जांभळाचं झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिला गेला. अर्जाची फी पंचवीस रुपये, ती मी दिली. हजर चौघं: मी, माझी बायको, माझे वडील, म्हणजे आबा, आणि अर्ज लिहिणारे माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू वकील होते आणि निसर्गप्रेमीही होते. समोर बसलेला गृहस्थ त्या घटकेला यातला कोणता, हे मात्र आधी कळायचं नाही.

नऊ वर्षांनी ते गेले. शोकसभेत अकरा जण बोलले. सगळ्यांनी त्यांचं पक्षिप्रेम सांगितलं, कुटुंबवत्सल स्वभाव सांगितला. दोन्ही खरं आहे. दर रविवारी ते बायकोला आणि दोन मुलींना दाजीपूरच्या जंगलात नेत आणि तीन-तीन तास झुडपामागे गप्प बसवत. खोकला आला तर पदरात तोंड घालून खोकायचं. जांभळाचा विषय अकरांपैकी एकानेही काढला नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली भाड्याने दिलेलं किराणा दुकान, आणि संडास परसात. खुब्याचं हाड मोडल्यापासून वडील चौदा पायऱ्या बसून उतरत आणि बसूनच चढत. दिवसातून चार वेळा, म्हणजे एकशे बारा पायऱ्या. परसात त्यांच्यासाठी एक खोली आणि लागून संडास बांधायचा होता. जागा तेवढीच, आणि तिथे जांभूळ. डॉक्टरांचा दाखला जोडू का, असं मी साडूंना विचारलं होतं. त्याची काही गरज नाही, म्हणाले.

फेब्रुवारीत तांबट पक्ष्याने घरट्यासाठी जांभळाच्या वाळक्या फांदीला भोक पाडलं. साडूंना ते आमच्याच गॅलरीत चहा पिताना दिसलं. अर्धा कप टाकून ते उठले. त्या आठवड्यातच महापालिकेचं पत्र आलं: आपल्या अर्जावर हरकत आली आहे. खाली हरकतदार म्हणून साडूंचं नाव.

मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अर्ज मी वकील म्हणून लिहिला. हरकत नागरिक म्हणून घेतली. यात तुम्हाला अडचण काय आहे?"

सुनावणीला उद्यान खात्याच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही तुमच्याच हातचं हाईत की, वकीलसाहेब," ते म्हणाले. साडूंनी ते नाकारलं नाही. अर्ज मुळातच कच्चा आहे, वडिलांच्या दुखण्याचा दाखलासुद्धा जोडलेला नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. मी दाखला आणून दिला. तो अभ्यासायला त्यांनी मुदत मागितली. पुढच्या तारखेला ते पक्षी बघायला राधानगरीला गेले होते. त्याच्या पुढच्या तारखेला अंड्यातून पिल्लं बाहेर आल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं. वडिलांच्या पायऱ्या चालूच होत्या.

पाडव्याला आक्का, म्हणजे साडूंची बायको, श्रीखंड घेऊन आली. जिन्याच्या तोंडाशी तिला थांबावं लागलं, कारण वडील उतरत होते. ते खाली टेकेपर्यंत ती डबा धरून उभी राहिली. डबा देऊन ती लगेच निघाली. घरी जाऊन साडूंना जे बोलली ते त्यांच्या थोरल्या मुलीने नंतर आम्हाला सांगितलं: "तुमच्या पाखरांना पंख हायत. आबांना न्हाईत. उद्यापासनं तुम्ही त्यांना खाली आणायचं, नि वर न्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साडू दारात उभे. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ. वडिलांचं वजन अठ्ठावन्न किलो. पाठुंगळीवरून वडील त्यांना म्हणायचे, "सावकाश, वकीलसाहेब. गडबड न्हाई. पुढची तारीख हाय की अजून." साडूंना हसू यायचं, पण हसलं की तोल जायचा, म्हणून ते हसत नसत. एवढं मात्र मान्य करतो, की त्यांनी एकदाही वडिलांना धक्का लागू दिला नाही.

तेराव्या दिवशी त्यांची कंबर धरली. चौदाव्या दिवशी त्यांनी हरकत मागे घेतली. कारण लिहिलं: हरकतदाराची प्रकृती. पिल्लं आठवडाभर आधीच उडून गेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. साडू दुसऱ्या विणीची वाट बघत थांबले होते आणि तोवर वडिलांना उचलत होते.

मे महिन्यात झाड पडलं. जूनअखेर खोली झाली आणि वडिलांनी ती पुढे सहा वर्षं वापरली. झाड तोडणारा माणूस कोडोलीचा. त्याची मजुरी साडेसहाशे रुपये साडूंनी दिली, म्हणजे आक्काने त्यांच्या खिशातून पाकीट काढून मोजून दिली. साडू वाकू शकत नव्हते, ते खुर्चीवर बसून होते. भोकाची फांदी तेवढी त्यांनी मागून घेतली. ती त्यांच्या घरी पोचवण्याचे चाळीस रुपये हातगाडीवाल्याला मी दिले.