नानांचं वाक्य मी पूर्ण केलं

हे मी आजवर कुणापाशीही काढलेलं नाही. आईपाशी नाही, सोबत पोस्टरं चिकटवणाऱ्या मित्रांपाशी नाही, अनघापाशी तर नाहीच. दुसऱ्यांची लफडी चव्हाट्यावर आणायला मला कधी वेळ लागला नाही. नव्या यंत्रांपायी कामावरून काढलेल्या मजुरांसाठी आम्ही पत्रकं काढायचो, आणि त्यात मालकांची नावं मी सरळ जाड अक्षरात टाकायचे. माझं स्वतःचं नाव कुठल्या पत्रकात टाकलं मी? कुठल्याच नाही. म्हणून आज हे.

चिडून लिहितेय, आधीच सांगते. चीड माझ्यावर आहे. थोडी तुमच्यावरही आहे, वाचणाऱ्यांवर — कारण त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणारी माणसं तुमच्यासारखीच होती. शिकलेली, बँकेतली, भली.

अनघा माझी मैत्रीण. तिचे वडील, म्हणजे लखनौच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांचे नाना, चारबाग स्टेशनवर उद्घोषक होते. यात्रीगण कृपया ध्यान दें — गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा येणार, हे वर्षानुवर्षं शहराला ज्या आवाजाने सांगितलं, तो आवाज सांगलीकडच्या एका किडकिडीत माणसाचा होता. मग पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द राहिला.

कृपया.

पाणी हवं — कृपया. पंखा नको — कृपया. राग आला की डावा हात टेबलावर आपटून — कृपया! आणि अनघा ऑफिसातून आली की अगदी हळू, जवळजवळ लाजून — कृपया. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादा शब्द मागे राहतो. आम्ही बाकीचे काय करायचो माहितीये? वाक्य पुरं करायचो. 'चहा ना, नाना?' 'खिडकी लावू ना?' 'अच्छा अच्छा, दमलात ना?' केवढी घाई, केवढी दया! नाना डोळे मिटून घ्यायचे. एकटी अनघा थांबायची. काही न बोलता बसून राहायची, ते नजरेने, हाताने नीट दाखवेपर्यंत.

यातून तिने कथा लिहिली. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी, पुढच्या शतकातली विज्ञानकथा. एका शहरात प्रत्येकाच्या खिशात 'सोबती' नावाची डबी असते. तुम्ही वाक्य सुरू करायचं, सोबती ते पुरं करते — तुमच्यापेक्षा चांगलं, बिनचूक. हळूहळू लोक दोन शब्द बोलतात, मग एक, मग नुसतं तोंड उघडतात. आणि त्या शहरात बंद पडलेल्या स्टेशनवर एक जुना भोंगा आहे. तो कथेत तीनदा बोलतो. पहिल्यांदा म्हणतो, कृपया — आणि हजार डब्या एका सुरात पुढचं म्हणतात, रांगेत उभे राहा. दुसऱ्यांदा कृपया — डब्या म्हणतात, घरी परत जा. लोक मुकाट्याने जातात. तिसऱ्यांदा भोंग्याची वेळ येते तेव्हा डब्यांना काही सुचत नाही. शहर उभं राहतं. माणसं पहिल्यांदाच वाट बघतात, आणि भोंगा म्हणतो, कृपया. कथा तिथे संपते. त्या शब्दावर. पूर्णविरामसुद्धा नाही.

आज मला त्या कथेची बांधणी दिसते. पहिल्या दोन घोषणा कशासाठी आहेत, तर आपल्यालाही सवय लागावी म्हणून — भोंग्यापुढे कुणीतरी काहीतरी जोडणारच, अशी. आणि तिसऱ्या वेळी ती आपल्याला तोंडघशी पाडते. धोक्याची सूचना देणारी कथा अशीच हवी, ओरडून नाही. पण तेव्हा? तेव्हा मी अंकाची संपादक होते. पत्रकं लिहिणारी, म्हणून मंडळाने मला नेमलं होतं. आणि पत्रकाचा नियम मला पाठ होता — शेवटी आवाहन, आवाहनाशेवटी उद्गारचिन्ह. आवाहन नसेल तर लोक कागदाच्या पुड्या बांधतात.

मी आधी संपादकीय लिहिलं. त्यात ठोकून दिलं की भोंगा हे सत्तेचं प्रतीक आहे, वरून हुकूम सोडणारी सत्ता. नाना — ज्यांना स्वतःच्या मुलीकडे पाणी मागता येत नव्हतं — ते माझ्या लेखी सत्ता झाले. हसू नका. असली वाक्यं तुम्हीही वाचता आणि मान डोलावता.

मला ठाऊक नव्हतं का? हा प्रश्न मी खूप दिवस स्वतःला असाच विचारत आले, जणू उत्तर 'नव्हतं' असू शकेल. ठाऊक होतं. कागद देताना अनघा म्हणाली होती, "कार्यक्रमात वाच तूच, मला नाही जमणार यार, रडेन मी. फक्त शेवटाला हात लावू नकोस. नाना पुढे बसणार आहेत. एकदा तरी त्यांचा शब्द त्यांना अख्खा ऐकू दे, कुणी मध्ये न पडता." मी म्हटलं, "बेफिक्र रह."

तरी लावला. छापायला देताना भोंग्याच्या तिसऱ्या 'कृपया'पुढे मी माझ्या हाताने लिहिलं — जागे व्हा! डब्या फोडा! मग दोन ओळी, लोक डब्या फोडतात, सूर्य उगवतो. सूर्यसुद्धा!

आणि तेच वाचलं. हॉल भरला होता, आरती नुकतीच झाली होती. नाना पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, बाजूला अनघा. पहिला 'कृपया' आला आणि त्यांनी मान वर केली. दुसऱ्याला ते हसले, अर्ध्या चेहऱ्याने. तिसरा येणार हे अनघाने त्यांना सांगून ठेवलं असणार — कारण मी त्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं होतं. माझ्याबरोबर म्हणायला. मी ते पाहिलं. ऐका, मी ते पाहिलं, आणि मला थांबता आलं असतं. कागद माझ्या हातात होता, आवाज माझा होता. मूठ वर करून मी ओरडले, "कृपया जागे व्हा! डब्या फोडा!"

टाळ्यांचा कडकडाट. नाना त्या टाळ्यांत म्हणत राहिले — कृपया, कृपया, कृपया — डावा हात हलवत, 'नाही' असं. मागून कुणीतरी ओरडलं, "वा नाना! तुम्हीपण घोषणा द्यायला लागलात!" हॉल हसला. मीही हसले. मग ते गप्प झाले.

त्यानंतर चार माणसांत नानांनी तो शब्द काढल्याचं मी ऐकलं नाही. कुणी घरी आलं की ओठ घट्ट मिटून बसायचे. होता तो एक शब्द, तोही घरातल्या घरात ठेवायला लागले.

आणि एवढ्यावर मी थांबले का? दुसऱ्या दिवशी अनघा आली. रडत नव्हती. उंबऱ्यातूनच विचारलं, "किसने बदला?" माझ्याशी ती हिंदीत कधी बोलायची नाही. मी म्हटलं, "कुलकर्णीकाकांनी. समितीला शेवट अपुरा वाटला." कुलकर्णीकाका, मंडळाचे चिटणीस, साधा बिचारा माणूस, ज्याने कथा छापून आल्यावरच वाचली. अनघाने भर हजरतगंज बाजारात, त्यांच्या बँकेच्या पायऱ्यांवर, त्यांना नको नको ते सुनावलं. ते हात जोडून म्हणत होते, "अगं पोरी, मी काय केलं?" मी शेजारी उभी होते. पत्रकवाली, निडर.

अनघा मंडळात परत आली नाही. पुढे तिने काही लिहिलंही नाही. नाना गेले तेव्हा कुलकर्णीकाका गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरले — तिला त्रास नको म्हणून. तिच्या मनात दोषी अजून तेच आहेत. माझ्या खांद्यावर मात्र ती डोकं ठेवून रडली, आणि मी ते ठेवू दिलं.

अंक काढलाय समोर. शेवटच्या तीन ओळी माझ्या आहेत, अनघाच्या नाहीत, कुलकर्णीकाकांच्या नाहीत. हे असंच, छापायच्या आधी, तिला पाठवतेय, एक प्रत काकांना. मला उत्तर नको. कथेचा शेवट तिने लिहिला होता तो असा :

सगळ्या शहराने श्वास रोखून धरला. भोंगा खरखरला आणि म्हणाला, कृपया