चेंजलॉगमधली माझी ओळ

"आडनाव कशाला लिहिलंस?" सर सगळ्यांसमोर म्हणाले.

कराडशेजारी मलकापुरात आमचं सहा जणांचं ऑफिस. बाकीचे सगळे माझ्या स्क्रीनभोवती उभे. सरांचा एक प्रोग्राम होता, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या फॉन्टमध्ये आणणारा. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्या कुणालाही तो सहज बसवता यावा, म्हणून तीन महिने खपून मी त्याचं पॅकेज बांधलं होतं. पॅकेज सांभाळणाऱ्याचं नाव त्यात द्यावं लागतं. मी माझं दिलं होतं. पूर्ण.

"जगभर दिसतं हे. कडेगावची ना तू? कडेगावकर लाव. शोभतं."

कुणीतरी हसलं. कोण, ते बघितलं नाही. मान वर केलीच नाही. आमचं आडनाव ऐकलं की माणसं पुढचं काही विचारत नाहीत, हे मला शाळेपासून ठाऊक. पण सरांच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. काम त्यांनीच शिकवलेलं. मी आडनाव पुसलं, कडेगावकर लिहिलं. माझ्याच बोटांनी. त्याची अजून लाज वाटते.

पॅकेज लिनक्सवाल्यांकडे तपासणीला गेलं. तपासणारी माणसं कुठल्या कुठल्या देशांतली, फुकट काम करणारी, आणि कुणाची भीड न ठेवणारी. आठवड्याने उत्तर आलं. "एका फाइलीत लेखकाचं नाव आहे, ते तुमच्या लेखकांच्या यादीत नाही. चाळीस ओळी असोत की चार, ज्याने लिहिल्या त्याचं नाव जसंच्या तसं हवं. तोवर पॅकेज घेणार नाही."

चूक माझी. सगळं सरांनीच लिहिलंय असं धरून चालले होते. फाइल उघडली. कुणी परदेशी माणूस, लांबलचक आडनावाचा. एकेक अक्षर ताडून पाहत ते यादीत उतरवलं. न जाणो, एखादं चुकायचं. आणि त्याच यादीत, खाली, माझी ओळ. कडेगावकर. त्या अनोळखी माणसाच्या चाळीस ओळींना नाव होतं. माझ्या तीन महिन्यांना नव्हतं.

रविवारी गावी गेले. वडील गवंडी. दादा म्हणतो आम्ही त्यांना. जेवताना मोबाइलवर ती ओळ दाखवली. चष्मा लावून त्यांनी वाचली.

"कडेगावकर? ही कोन गं? आपल्यात तर न्हाई कुनी."

सर काय म्हणाले ते सांगितलं. दादांनी फोन परत दिला.

"आमी लोकांची घरं बांधली. वास्तुशांतीला आमाला कुनी बोलवलं न्हाई. पर ते त्येंनी केलं. तुजं नाव तर तूच खोडलंस."

ताटावरून उठावंसं वाटलं. उठले नाही. त्यांचं खरं होतं.

सोमवारी आडनाव परत घातलं. आमच्या कामात एक रीत आहे. काहीही बदललं की चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, लिहायचं: काय बदललं आणि का. मी लिहिलं, "सुटलेल्या लेखकाचं नाव घातलं. पॅकेज सांभाळणारीचं आडनाव खोटं होतं. जात कळू नये म्हणून बदलायला लावलं होतं. खरं घातलं." आणि पाठवून दिलं.

दुपारी सरांनी बोलावलं. "ऑफिसची शोभा करतेस? ती ओळ काढ."

"मागची नोंद खोडायची नसते, सर. तुम्हीच शिकवलंय."

"मी तुझ्यासाठी एवढं केलं."

"केलंत. पण ओळ काढणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

एसटीत बसले आणि पर्समधले पैसे मोजले. खोटं कशाला बोलू? घरात ठरलेला पगार तेवढा एकच होता.

प्रोग्राम सगळ्यांना खुला होता, त्यामुळे पॅकेज मी सोडलं नाही. तपासणाऱ्याने आणखी सात चुका काढल्या. पत्रावर माझं नाव, आडनावासकट. कौतुक नाही, दया नाही. चुका माझ्या होत्या, माझ्या नावावर आल्या. घरच्या जुन्या लॅपटॉपवर एकेक दुरुस्त केली, तेव्हा पॅकेज घेतलं गेलं.

आता मीही दुसऱ्यांची पॅकेजं तपासते. प्रोग्राम चालतो का, ते नंतर. आधी नावांची यादी उघडते. जिथे काम आहे आणि नाव नाही, ते परत पाठवते. परवा सरांच्या ऑफिसातून एक आलं, माणसाच्या नावाच्या जागी नुसतं ऑफिसचं नाव. तेही परत पाठवलं. खाली एवढंच लिहिलं: हे कुणी केलं ते लिहा. पूर्ण नाव.