चौकट क्रमांक चौदा

सदर इसम विमानविद्या प्रशिक्षण साहाय्य निधीच्या छाननी कक्षात वरिष्ठ लिपिक या पदावर कार्यरत असून वय सत्तावन्न वर्षे आठ महिने. बांधा मध्यम. ओळखीची खूण : उजव्या कानावर तांबडी पेन्सिल. दृष्टी : चष्म्यासह समाधानकारक. विमानप्रवास : निरंक. सेवापुस्तिकेतील ताशेरे : निरंक.

ऑफिसात त्याला कॅप्टन म्हणत. विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाला याहून चपखल नाव सुचणं कठीण होतं. ज्यांना विमानाचं शिक्षण परवडत नाही त्यांचा खर्च निधी उचलत असे. निम्म्या जागा देशातल्या उमेदवारांना, निम्म्या दूरच्या विकसनशील प्रदेशांतल्या. अर्ज कुठूनही येवो, कॅप्टनच्या टेबलावर त्याला दोनच मुक्काम होते : 'पुढे' लिहिलेला ट्रे आणि 'परत' लिहिलेला ट्रे.

तो अर्ज वाचत नसे, पट्टीने तपासत असे. लाकडी पट्टी चौकटीखाली धरायची, उत्तर नियमात बसलं की तांबडी खूण करायची आणि पट्टी खाली सरकवायची. एक जरी उत्तर बसलं नाही तरी पट्टी उचलायची, अर्ज 'परत'मध्ये. सोबतची पत्रं तो उघडतसुद्धा नसे. "पत्रात सगळेच गरजू आणि सगळेच हुशार," तो म्हणे. "चौकटीत काय ते कळतं."

मुदत संपायच्या आठवड्यात विमानदुरुस्तीच्या कोर्ससाठी एक अर्ज आला. दूरच्या प्रदेशातली बाई, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा, वय एकोणतीस वर्षे दहा महिने. वयाची अट तिसाची. ही बाई गेली तीन वर्षं अर्ज करत होती आणि तिन्ही वेळा पट्टी एकाच ठिकाणी अडली होती. चौकट क्रमांक चौदा : 'चष्म्याशिवाय दृष्टी'. तिथे ती इमानेइतबारे आपला नंबर लिही आणि अर्ज परत जाई.

यंदा तिने नंबर लिहिला नव्हता. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चष्म्याशिवाय मला नट दिसत नाही. म्हणून मी चष्मा लावून आवळते. हा प्रश्न कशासाठी आहे?'

कॅप्टनची पट्टी थांबली. चौकटीत उत्तर असायचं, हिने प्रश्न घातला होता. आणि त्याचं उत्तर आपल्याला येत नाही, हे त्याला झोंबलं. त्याने नियमांचं पुस्तक काढलं. वैमानिकांच्या प्रकरणात डोळ्यांचा नियम ठळक होता. दुरुस्तीच्या प्रकरणात डोळ्यांचा उल्लेखच नव्हता. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उल्लेख तरीही नव्हता.

मग त्याने कपाटातून त्या फॉर्मची मूळ फाइल काढली. अकरा वर्षांपूर्वी दुरुस्तीचा कोर्स नव्याने घेतला, तेव्हा संध्याकाळपर्यंत फॉर्म हवा होता. कुणीतरी वैमानिकांचा फॉर्म घेऊन जिथे जिथे 'वैमानिक' होतं तिथे 'तंत्रज्ञ' घातलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. खाली तयार करणाऱ्याची आद्याक्षरं होती. अक्षर वळणदार होतं, कारण ते त्याचंच होतं.

तो कक्षप्रमुख बाईंकडे गेला.

"बाई, चौकट चौदा चुकून आलीय. दुरुस्तीवाल्यांना ती लागूच नाही."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"ज्यांच्या लक्षात आलं असतं, त्यांचे अर्ज परत गेले."

बाईंनी दार लोटून घेतलं. "हे बघा कॅप्टन, तुमचे चार महिने राहिलेत. पुढच्या वर्षी नवा फॉर्म छापताना चौकट गुपचूप गाळू. कुणाचं काय अडतंय?"

"हिचं अडतंय. दोन महिन्यांनी ही तिशी गाठते."

"लेखी दिलंत तर मला ताशेरा मारावा लागेल. जाता जाता हात दाखवून अवलक्षण कशाला?"

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, नक्कल करायलाही अक्कल लागते."

"वरच्यांना घाई होती."

"घाई तुम्हाला लग्नाचीही होती. पण तेव्हा फॉर्म तरी नीट भरला होतात."

"सदतीस वर्षं कोरं ठेवलंय मी ते सेवापुस्तक."

"कोरं ठेवायचं होतं तर वही घ्यायची." तिने चष्मा नाकावर ओढून सुईत दोरा ओवला. "ती पंपवाली वाट बघत असेल ना?"

दुसऱ्या दिवशी त्याने तीन ओळींची टिप्पणी लिहिली, अर्जाला जोडली आणि अर्ज 'पुढे'मध्ये ठेवला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द त्याने आधी घातला, मग खोडला. अनवधान पहिल्या दिवशी असतं, अकरा वर्षं टिकत नाही.

निवड समितीचे अध्यक्ष निवृत्त वैमानिक होते. त्यांनी टिप्पणी हात लांब करून धरली, मग आणखी लांब केली.

"ही चौकट कुठली म्हणता?"

कॅप्टनने आपला चष्मा काढून पुढे केला. अध्यक्षांनी तो लावला, चौदावी चौकट वाचली, मग पुन्हा वाचली.

"प्रश्न बरोबर आहे तिचा," ते म्हणाले आणि सही केली. जागा मिळाली. चष्मा मात्र मागून घ्यावा लागला.

ताशेरा एका ओळीचा आला : 'नमुना तयार करताना निष्काळजीपणा.' कॅप्टनने तो पट्टी धरून वाचला आणि पोच म्हणून सही केली.

शेवटच्या आठवड्यात कक्षप्रमुख बाईंनी सहज विचारलं, "असे एकूण किती परत गेले असतील हो?"

"रेकॉर्ड बघून सांगतो," तो म्हणाला.

गेल्या तीन वर्षांतले, तिला सोडून, चौदा उमेदवार निघाले. त्यातल्या अकरांची तिशी उलटली होती. उरलेल्या तिघांना त्याने पत्रं पाठवली. आधीच्या आठ वर्षांचं काही सापडलं नाही. नाकारलेले अर्ज तीन वर्षांनी नष्ट करायचे असतात, आणि ते काम तो दर वर्षी वेळेवर करत असे.